प्रभूनें बापास विचारलेला प्रश्न

शास्त्रपाठ: मार्क ९:१४-२९

ज्या भागावर आज आपण मनन करणार आहों तो आपणांपैकीं बहुतेकांनीं अनेक वेळां ऐकिला असेल. प्रभु येशू डोंगरावरून खालीं उतरतो. वर तिघां शिष्यांनीं त्याचें तेज पाहिलें आहे. खालीं राहिलेल्या शिष्यांभोंवतीं मात्र मोठी गर्दी जमली आहे आणि शास्त्र्यांशीं त्यांचा वाद चालला आहे. वादाचें कारण एक मुलगा आहे. त्यास बोलतां येत नाहीं, झटके येतात, तो भुईवर आपटतो, कधीं विस्तवांत पडतो, कधीं पाण्यांत. बापानें त्यास शिष्यांकडे आणिलें, पण शिष्यांच्यानें कांहीं झालें नाहीं. मग काय झालें? वाद झाला. चूक कोणाची, अधिकार कोणाचा, विश्वास कोणाचा कमी, असें मोठमोठ्यानें बोलणें झालें असावें. आणि तो मुलगा तेथेंच होता.

हा भाग वाचतांना आपण भूत निघण्याच्या वाक्याकडे धांवतों. त्यापूर्वीं एक लहानशी गोष्ट घडते, आणि तिच्याकडे आमचें स्वतःचें लक्ष पुष्कळ वर्षें गेलें नव्हतें. मुलगा पुढ्यांत तळमळत असतां प्रभु बापाकडे वळतो आणि त्यास विचारतो कीं, ह्याचें असें केव्हांपासून होत आहे. मनुष्याच्या अंतरांत काय आहे हें ज्यास कोणीं सांगावें लागत नाहीं, तो विचारतो! आणि बाप उत्तर देतो कीं, लहानपणापासून.

हा वैद्याचा प्रश्न आहे. शिष्यांनीं तो विचारल्याचें कोठें लिहिलेलें नाहीं.

उंब्रज हें गांव आपल्या वाचकांस ठाऊक आहे. कृष्णेस तारळी जेथें मिळते तेथें, साताऱ्याहून कऱ्हाडास जातांना पुणें-बंगळूर महामार्गावर तें लागतें. समर्थ रामदासांनीं स्थापिलेल्या अकरा मारुतींपैकीं एक ह्या गांवीं आहे. तरुणांनीं शरीर कमवावें व बलवान व्हावें ही त्यामागील दृष्टि आपण आपल्या हिंदु शेजाऱ्यांकडून ऐकतों आणि तिचा आदर करितों. घरगुती उपासनांसाठीं ह्या भागांत आमचें जाणें-येणें असतें. उंब्रजच काय, ह्या महामार्गावरील कोणत्याहि थांब्यावर एस. टी.ची वाट पाहत घटकाभर उभे राहा. शाळेच्या गणवेषांतील मुलें टपरीपाशीं येतात. कांहीं गोळ्या-बिस्किटें घेतात. कांहीं पुडी फाडून तोंडांत रिकामी करितात आणि शाळेची घंटा होईपर्यंत थुंकत राहतात. हीं कोणाचीं मुलें? मारुतीस नारळ फोडणाऱ्यांचीं, आणि रविवारीं आपल्या मंडळींत बसणाऱ्यांचींहि. जातिधर्माचा भेद मोडण्याचें जें काम आपणांस इतक्या वर्षांत साधलें नाहीं, तें टपरीनें साधिलें आहे!

ह्या भागांतील एका घराची गोष्ट सांगतों. गांव सांगत नाहीं, नांव सांगत नाहीं, आणि ओळख पटूं नये म्हणून कांहीं गोष्टी गाळतों. मुलगा सोळा वर्षांचा होता. भजनांत ढोलकी वाजवीत असे, आणि चांगली वाजवीत असे. त्याच्या चौदाव्या वर्षीं बाप वारला. पुढें तो भजनास येईनासा झाला, शाळेंत त्याचें चित्त लागेना. मग पुडी, पुडीमागून दारू, आणि दारूमागून घरांतील पैसे. मंडळींत कुजबूज सुरू झाली. वडिलांनीं आमच्याकडे गाऱ्हाणें आणिलें. आणि आम्हीं — हें लिहितांना लेखणी अडखळते — पुढल्या रविवारीं करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायावर उपदेश केला. मद्यप्यांस देवाच्या राज्यांत वांटा नाहीं ह्या अर्थाचा जो भाग तेथें आहे, तोच निवडिला. नांव घेतलें नाहीं. घेण्याचें कारणहि नव्हतें, सगळ्यांच्या माना एकाच बाजूस वळल्या. मुलगा दाराशीं बसला होता, तो उठून गेला. उपासना संपल्यावर दोघां-तिघां वडिलांनीं आमचा हात हातांत घेऊन, आजचा उपदेश फार परिणामकारक झाला, असें सांगितलें.

परिणाम पांच आठवड्यांनीं दिसला. त्या मुलानें आपला जीव संपविण्याचा प्रयत्न केला. देवाच्या दयेनें आणि डॉक्टरांच्या कष्टांनीं तो वांचला.

दवाखान्याच्या व्हरांड्यांतील बांकावर त्याच्या आईशेजारीं आम्ही बसलों होतों. काय बोलावें हें सुचेना. बऱ्याच वेळानें आम्हीं विचारलें, "ताई, हें केव्हांपासून असें चाललें होतें?"

ती म्हणाली, "बाप गेल्यापासनं त्याला झोपच न्हाई, सायेब. रातभर पडवीत बसायचा. मला वाटायचं, पोरगं अभ्यास करतंय. म्हनायचा, आई, माझा काय उपेग हाय? पुडी तर लई मागनं आली." थोडें थांबून ती पुढें म्हणाली, "तुमी कुनी इचारलंच न्हाई."

एक वर्षभर तो मुलगा आजारी होता, आणि त्या वर्षांत त्याच्याविषयीं मंडळींत कोणीहि कांहीं बोललें नाहीं, कारण आजारी मुलगा कोणाच्या डोळ्यांत भरत नाहीं. तो पिऊं लागला तेव्हां तो आम्हांस दिसला. विस्तव दिसला, पाणी दिसलें. केव्हांपासून, हा प्रश्न कोणाच्या मनास शिवला नाहीं. पुढें आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली. तो म्हणाला, "सायेब, तुमी काय बोलला ते मला ऐकूच आलं न्हाई. निसत्या माना दिसल्या."

हल्लीं वैद्यकशास्त्रानें ह्या प्रश्नाचें जें उत्तर शोधिलें आहे, तें त्या बापाच्या उत्तराहून फारसें वेगळें नाहीं. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, १० ते १९ वर्षांच्या दर ७ मुलांमागें एकास कोणता ना कोणता मनाचा आजार असतो, आणि मनाच्या एकंदर आजारांपैकीं निम्मे वयाचें अठरावें वर्ष भरण्यापूर्वींच सुरू होतात. आपल्या देशांत बंगळूरच्या निमहान्स संस्थेनें २०१५-१६ सालीं जी राष्ट्रीय पाहणी केली, तींत १३ ते १७ वर्षांच्या मुलांत हें प्रमाण शेकडा ७.३ आढळलें. म्हणजे ज्या शब्बाथशाळेंत ह्या वयाचीं तीस मुलें येतात तेथें दोघें तरी अशीं असावीं. उपदेशक बंधूंनीं पुढल्या रविवारीं वर्ग घेतांना तीं दोन कोणतीं असतील हें मनाशीं पाहावें.

असें कां होतें? मनुष्याचा मेंदू सर्व बाजूंनीं एकदम पिकत नाहीं. मौज व आवेग ज्यांतून उठतात तो भाग पंधरा-सोळाव्या वर्षीं जोमांत असतो. सारासार विचार करून आवरणारा भाग पंचविशीच्या सुमारास पुरता तयार होतो. मधलीं वर्षें कोंवळीं असतात. उंसाच्या शेतांत राबणाऱ्या आमच्या बांधवांस हें फार समजावून सांगण्याची जरूर नाहीं. लागण झाल्यावर पहिल्या तीन-चार महिन्यांत खोडकीड कोंवळ्या कोंबांत शिरते, आंतून पोखरते, आणि मधला पोंगा वाळतो. तोच ऊस कांड्या धरून मोठा झाल्यावर ही कीड त्याचें तितकें नुकसान करूं शकत नाहीं. आणि वाळलेला पोंगा पाहून कोणी शेतकरी त्या कोंबास शिव्या देत नाहीं. तो वांकून बुडाशीं पाहतो.

येथें एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. खिन्न मुलगा पुडीकडे किंवा बाटलीकडे जातो, कारण तेथें घटकाभर बरें वाटतें. आणि तींच पुढें त्याची झोंप, भूक व धीर खाऊन त्यास अधिक खिन्न करितात. तंबाखूंतील निकोटीन उतरूं लागलें कीं जीव कासावीस होतो; दुसरी चिमूट घेतली कीं तो शमतो; आणि मुलास वाटतें कीं, तंबाखूनें आपलें मन शांत केलें. वस्तुतः तिनेंच पेटविलेला विस्तव तिनें विझविला, इतकेंच. गांजाची गोष्ट ह्याहून वाईट आहे. कोंवळ्या वयांत तो नेहमीं ओढणाऱ्यांपैकीं कांहींस पुढें भास होणें, जो तो आपल्या जिवावर उठला आहे असें वाटणें, अशा भारी मनोविकाराचा धोका वाढतो.

गोव्यांत ह्याविषयीं एक पाहणी झाली. तिचा वृत्तांत २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. उत्तर गोव्यांतील २० ते ४९ वर्षांच्या सुमारें १,९०० पुरुषांस विचारण्यांत आलें कीं, तुम्हीं दारू प्रथम केव्हां घेतली. पुन्हां तोच प्रश्न! पिणाऱ्यांमध्यें, १९५६ ते १९६० ह्या काळांत जन्मलेल्यांपैकीं कोंवळ्या वयांत आरंभ करणारे शेकडा २० च्या आंत होते; १९८१ ते १९८५ मध्यें जन्मलेल्यांत ते शेकडा ७० च्या वर गेले. ज्यांनीं त्या वयांत आरंभ केला, त्यांस प्रौढपणीं दारूवांचून न चालण्याची स्थिति, मनाची व्यथा आणि इजा-अपघात हीं अधिक प्रमाणांत भोगावीं लागलीं. पंधराव्या वर्षीं पेरलेलें चाळिसाव्या वर्षीं कापावें लागतें, तें असें.

आपल्या महाराष्ट्रांत २०१६-१७ च्या पाहणींत प्रौढांपैकीं शेकडा २६.६ लोक तंबाखू वापरीत असल्याचें आढळलें, आणि त्यांतले बहुतेक ती ओढणारे नव्हेत, खाणारे. देशभरांतील शाळांत २०१९ सालीं जी पाहणी झाली तींत १३ ते १५ वर्षांच्या विद्यार्थ्यांपैकीं शेकडा ८.५ तंबाखू वापरीत होते. गुटख्यास राज्यांत २०१२ सालीं बंदी झाली; बंदी कागदावर किती आणि टपरीवर किती हें वाचकांनीं आपल्या गांवीं पाहावें. आणि नवीन विषें हीं मुंबईचीं, आपलीं नव्हेत, अशी समजूत कोणाची असेल तर त्यानें आठवावें कीं, २०२४ सालीं सांगलीजवळच्या कुपवाडांत पोलिसांनीं एम. डी. नांवाच्या पुडीचा मोठा सांठा पकडला, आणि २०२५ च्या जानेवारींत विट्याजवळ कार्वे येथें ती बनविण्याचा कारखानाच सांपडला.

परंतु पोलीस, टपरीवाला आणि कारखानदार ह्यांच्यावर बोट ठेवून आपण घरीं जाऊं नये. मार्कांतील बापाचें बोलणें पुन्हां वाचा. प्रभूनें मुलाविषयीं विचारलें, पण बाप आम्हांवर दया कर, आम्हांस साहाय्य कर, अशा अर्थाचें बोलतो. तो स्वतःस बाहेर उभा करीत नाहीं.

आमच्या घरांत काय चालतें? बाप कामावरून येतो आणि सात वर्षांच्या पोरास सांगतो, "जा रे, पुडी घेऊन ये." पोरगें पळत जातें, उरलेल्या पैशांची गोळी त्यास मिळते. आई सकाळीं चुलीपाशीं तव्यावर तंबाखू भाजते, तिची काळी मिश्री करिते आणि दांतांस लावीत बसते. लेंक शेजारीं बसून पाहते, आणि दाढ दुखली कीं तिच्या बोटावरहि चिमूटभर येते. मुंबईच्या गिरण्यांत कामास जाणाऱ्या आया एके काळीं तान्ह्या बाळांस अफूची बाळागोळी देऊन निजवीत, हें आज ऐकिलें कीं आपण कानांवर हात ठेवितों. पुडी आणावयास पाठविणें आणि दाढेस मिश्री लावणें ह्यांवर मात्र कोणी कानांवर हात ठेवीत नाहीं. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणें मुलास दारू किंवा तंबाखूचा पदार्थ देणें हा सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊं शकेल असा गुन्हा आहे. कायदा आईकडे पाहून लिहिला असेल असें आम्हांस वाटत नाहीं. पण कायद्याच्या शब्दांत आई वगळलेलीहि नाहीं.

(आणि पौलानें तीमथ्यास पोटासाठीं थोडा द्राक्षारस घ्यावयास सांगितलें, हें वचन ज्यांस बाकीचें एकहि वचन पाठ नाहीं त्यांस बरोबर पाठ असतें! तीमथ्यास पोटाचा आजार होता, आणि पौलाच्या त्या सल्ल्यांत थोडा हा शब्द आहे. लग्नाच्या मांडवामागें जें चालतें त्यास हें वचन लागू होत नाहीं.)

मुलींविषयीं एक शब्द. मुलाचें दुःख टपरीवर जातें, म्हणून तें निदान दिसतें तरी. मुलीचें दुःख घरांतच बसतें. ती बोलेनाशी होते, जेवेनाशी होते, मैत्रिणींस टाळते. आणि आयाबाया म्हणतात, पोरगी आतां शहाणी झाली, शांत झाली. बायबल-बाईंनीं ह्या शांततेवर विश्वास ठेवूं नये.

आतां त्या भागाच्या शेवटच्या वचनाकडे येतों, कारण त्याचा उपयोग आपल्यांत फार वाईट रीतीनें होतो. ही जात प्रार्थनेवांचून निघत नाहीं, असें प्रभूनें शिष्यांस सांगितलें. त्यावरून कांहीं जण शिकवितात कीं, मनाचा आजार म्हणजे भूतच, गोळ्या घेणें म्हणजे अविश्वास, तेव्हां गोळ्या बंद करा आणि सभेस या. एका घरीं देवऋषी अंगारा लावीत होता. तो आपण टाकिला. त्याच्या जागीं बायबल हातांत घेतलेला देवऋषी आणून बसवावयाचा काय? प्रार्थनेची आज्ञा प्रभूनें त्या आजारी मुलास केलेली नाहीं. ती, ज्यांच्यानें कांहीं झालें नाहीं त्या शिष्यांस केली आहे. आपल्या मिशनच्या पूर्वजांनीं तरी प्रार्थना व औषध ह्यांच्यामध्यें कधीं भिंत घातली नाहीं. डॉ. विल्यम वॉनलेस ह्यांनीं १८९४ सालीं मिरजेस दवाखाना उघडिला. पाय मोडल्यास ज्या दाराशीं आपण बिनदिक्कत जातों, मन मोडल्यास त्याच दाराशीं जाण्यांत अविश्वास कसला?

आणि दार आपल्या पंथाचें नसलें तरी अडखळूं नये. डॉ. नरेंद्र दाभोलकर हे साताऱ्याचे. त्यांनीं वैद्यकीचें शिक्षण मिरजेस घेतलें, आणि पुढें साताऱ्यांत परिवर्तन ह्या संस्थेच्या द्वारें व्यसनी लोकांस सोडविण्याचें काम उभें केलें. अंधश्रद्धेविरुद्ध ते जन्मभर झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत त्यांचा खून झाला. प्रार्थनेविषयीं त्यांचें मत आमच्यासारखें नव्हतें. परंतु यरीहोच्या वाटेवर जखमी पडलेल्याच्या घावांवर तेल ओतणारा मनुष्यहि याजकांच्या मताचा नव्हता, हें आपणांस पाठ आहे. पुण्यास डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट ह्यांनीं १९८६ सालीं मुक्तांगण काढिलें, तेथूनहि कितीएक लोक माणसांत परत आले आहेत.

देव स्वतः खिन्न मनुष्याशीं कसा वागतो, हें पाहावयाचें असेल तर राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय काढा. एलीयासारखा वीर! कर्मेल डोंगरावर त्यानें एकट्यानें सगळ्या राज्यासमोर जय मिळविला; आणि ईजबेलीचा एक निरोप येतांच तो रानांत पळून गेला, एका झुडपाखालीं बसला आणि मरण मागूं लागला. आमच्यापैकीं कोणी पाळक तेथें असता तर त्यानें काय केलें असतें? कर्मेलाची आठवण दिली असती, विश्वासाच्या उणेपणाबद्दल दोन शब्द सुनावले असते. देवानें दूत पाठविला. दूतानें उपदेश केला नाहीं. त्यानें त्यास स्पर्श केला आणि जेवावयास सांगितलें. उशाशीं निखाऱ्यावर भाजलेली भाकर होती, पाणी होतें. एलीया जेवला आणि पुन्हां निजला. आणि दूतानें त्यास निजूं दिलें. दुसऱ्यांदां उठविलें तेव्हांहि भाकरच दिली, आणि वाट लांब आहे एवढेंच सांगितलें. पुढें होरेबावर देवानें त्याचें गाऱ्हाणें एकदां नव्हे, दोनदां ऐकून घेतलें. मग त्यास काम दिलें, आणि अलीशा हा सोबती दिला. अन्न, झोंप, कोणी तरी ऐकून घेणें, हातास काम आणि एक सोबती: आजचे मनोवैद्य औषधाबरोबर आणखी जें जें सांगतात तें बहुतेक ह्या अध्यायांत आहे. मरण मागितल्याबद्दल एलीयास शब्दानेंहि दोष दिलेला नाहीं. आपल्या देशाच्या कायद्यासहि हें २०१७ सालीं उमजलें. त्या वर्षाच्या मानसिक आरोग्याच्या कायद्यानें, जीव देण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य भारी ताणाखालीं होता असें धरून चालावें, आणि त्यास शिक्षा न करितां त्याची काळजी घ्यावी, असें ठरविलें.

उपदेशक बंधू म्हणतील, आम्ही डॉक्टर नव्हों, आमच्यानें काय होणार? त्यांच्यासाठीं गोव्याचीच आणखी एक गोष्ट. तेथील संगाथ ह्या संस्थेनें सामान्य माणसांस, म्हणजे डॉक्टर नव्हेत अशांस, थोडें शिक्षण देऊन सरकारी आरोग्य केंद्रांत बसविलें. अपायकारक दारू पिणाऱ्या प्रौढ पुरुषांशीं त्यांनीं फार तर चार वेळां बसून बोलावयाचें, ऐकावयाचें. २०१७ सालीं ह्याचे निकाल प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनीं पाहिलें तेव्हां, मागल्या चौदा दिवसांत दारूस न शिवलेले लोक अशा भेटी मिळालेल्यांत शेकडा ४२ होते, न मिळालेल्यांत शेकडा १८. दारूची सवय मोडण्यास ह्यांत कोणतेंहि यंत्र लागलें नाहीं. नीट शिकलेला एक मनुष्य समोर बसला, एवढेंच झालें.

तर बंधूंनो, बसावयास शिका. मुलाची झोंप, भूक, खेळ, मित्र हीं तुटूं लागलीं आणि दोन आठवडे झाले तरी सुधारलीं नाहींत, तर त्यास एकट्यास गांठा, मंडळीसमोर नव्हे. चालतां चालतां, बांधावर, विहिरीपाशीं बोला. केव्हांपासून, हें विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. जगणें नकोसें वाटतें काय, हेंहि सरळ विचारा. असें विचारल्यानें तो विचार मुलाच्या मनांत शिरतो ही भीति खोटी आहे. बहुधा मुलास हलकें वाटतें कीं, कोणास तरी हें उच्चारतां आलें. तो होय म्हणाला तर त्यास एकटें सोडूं नका, घरांत अपाय होईल अशा वस्तु दूर करा आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठा. कऱ्हाडास वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे, साताऱ्यास क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आहे. सरकारी रुग्णालयांत वयांत येणाऱ्या मुलांसाठीं मैत्री नांवाचे दवाखाने चालतात, त्यांची चौकशी करावी. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक २०२२ सालापासून चालू आहे. रात्रीं-अपरात्रीं फुकट लागतो आणि मराठींत बोलतां येतें. व्यसनाविषयीं १४४४६ हा क्रमांक आहे. हे दोन्ही आंकडे मंदिराच्या दाराशीं खडूनें लिहावे.

आणि वडिलांस आमची विनंति आहे कीं, अठरा वर्षांखालील मुलाचा विषय पंचांपुढें शिस्तीचा म्हणून आणूं नये. पटावरून नांव काढणें सोपें आहे. काढलेलें नांव पुन्हां लिहावयाचें तर तें मूल परत यावें लागतें.

असें परत आलेलें मूल पुढें काय होतें? आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचें उदाहरण सगळ्यांस माहीत आहे. जन्म १८६१, लहानपणींच आई गेली, आणि कोंवळ्या वयांत घर सोडून तो मुलगा नाशकास आला. तेथें त्यास कोणी तरी आसरा दिला, शिकविलें. मनाची ती वणवण जन्मभर पुरती गेली नाहीं. लक्ष्मीबाईंचीं स्मृतिचित्रें ज्यांनीं वाचिलीं आहेत त्यांस तें ठाऊक आहे. तरी त्याच मनुष्याचीं भजनें आपण दर रविवारीं गातों, आणि त्यानें आपलीं अखेरचीं वर्षें आपल्या ह्या साताऱ्यांत वेंचिलीं. जखम राहते. जखमेसकट मनुष्य उभा राहूं शकतो.

तो ढोलकीवाला मुलगा आतां एकवीस वर्षांचा आहे. दोन वर्षें औषधें चाललीं, मग डॉक्टरांनींच तीं हळूहळू थांबविलीं. मध्यंतरीं यात्रेच्या दिवसांत तो पुन्हां प्याला, आणि चार दिवस घरीं आला नाहीं. मंडळींत लोक म्हणाले, संपलें, पोरगें हातचें गेलें. मार्कांतहि तसेंच आहे. बरें करणारा शब्द उच्चारल्यावर मुलगा मेल्यासारखा निपचित पडला, आणि बहुतेक लोक मेला म्हणूं लागले. तेव्हां प्रभूनें त्याचा हात धरून त्यास उठविलें. येथें आमच्या एका वृद्ध डीकनांनीं त्यास कऱ्हाडच्या स्टँडवरून हाताला धरून आणिलें, आणि महिनाभर रोज संध्याकाळीं ते त्याच्या पडवींत जाऊन बसले. काय बोलत होतां, असें आम्हीं त्यांस विचारलें, तर म्हणाले, "काय न्हाई. बैलांचं बोलायचो."

हल्लीं तो ट्रॅक्टर दुरुस्तीचें काम करितो. कांहीं रविवारीं ढोलकीस येतो, कांहीं रविवारीं येत नाहीं. न आल्यास सर्वांसमोर कोणी विचारीत नाहीं, आम्ही सोमवारीं फोन करितों. त्याच्या आईची मिश्री अद्याप सुटलेली नाहीं. सकाळची सुटली, दुपारची राहिली आहे. गेल्या खेपेस आम्ही गेलों तेव्हां तिनें डबी पदराखालीं झांकली, आणि मुलगा हंसून म्हणाला, "आई, केव्हापासनं लावतीस ते तरी सांग सायबास्नी." ती म्हणाली, "तुज्या आजीनं लावली, मी बारा वर्साची असताना."